वंदना लहानपणापासून पाठ, बसायला शिकले चाळिशीत

आमच्या घरी वंदना रोज व्हायची, मला कळायला लागल्यापासून एक दिवस चुकल्याचं आठवत नाही. दिवेलागणीला आई हातपाय धुवायची, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती अगरबत्ती लावायची आणि आम्ही तिघं भावंडं ओळीत हात जोडून, नमो तस्स भगवतो पासून सुरू. त्रिसरण, पंचशील, बुद्धवंदना, धम्मवंदना, संघवंदना सगळं तोंडपाठ. दहा मिनिटात झालं की जय भीम म्हणून अभ्यासाला. मला त्या दहा मिनिटांचा अभिमान होता आणि आजही आहे, कारण आमच्या आजीच्या पिढीला असं ताठ मानेनं कुणासमोर उभं राहायला मिळालं नव्हतं.

पण डोळे मिटून बसायचं असतं हे कुणी शिकवलं नाही. त्यात कुणाचा दोष नाही, सगळी शक्ती शिक्षणात, नोकरीत, चळवळीत लागली. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात बावीस प्रतिज्ञा म्हणायचो, त्यातली अकरावी अष्टांग मार्गाचा अवलंब करीन ही, आणि त्या आठ अंगातलं सातवं सम्यक स्मृती आणि आठवं सम्यक समाधी. परीक्षेत विचारलं असतं तर मी आठही अंगं क्रमाने लिहिली असती. त्यातली शेवटची दोन करतात कशी हे मात्र वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

मी नाशिकरोडला राहते, घरीच शिलाईकाम करते, ब्लाऊज, ड्रेस, फॉल पिको. वीस वर्ष मशीनवर वाकून काढली. अडतिसाव्या वर्षी अशी वेळ आली की झोप लागेना, मुलांवर विनाकारण ओरडायचे, गिऱ्हाईकाने ब्लाऊज परत आणला की तिच्यासमोर गोड बोलायचे आणि ती गेली की दिवसभर मनात तेच दळण. एक गिऱ्हाईक शिक्षिका होत्या, त्या म्हणाल्या अगं इतकी वर्ष बुद्धाचं नाव घेतेस, इगतपुरीचं विपश्यना ध्यानाचं केंद्र तुझ्यापासून तासाभरावर आहे, एकदा जाऊन तर ये. तेवढ्यावर फॉर्म भरला. नवरा म्हणाला दहा दिवस घर आम्ही बघतो, तू जा.

२०१६ चा ऑगस्ट होता. धम्मगिरीला, म्हणजे इगतपुरीच्या त्या केंद्रावर, पोचले तेव्हा पाऊस असा की समोरचा डोंगर दिसत नव्हता. मोबाईल जमा, पैसे पाकीट जमा, संध्याकाळपासून आर्यमौन, म्हणजे कुणाशी बोलणं नाही, खुणाही नाहीत. पहाटे चारला घंटा, साडेचारला ध्यान, अकराला जेवण, पाचला चहा आणि थोडं खायला, रात्री साडेनऊला दिवे बंद, सगळं धरून दिवसाला दहा तासाच्या वर बसणं. फी नाही, जेवणाखाण्याचे पैसे नाहीत, आधी कुणीतरी दिलेल्या दानातून आपण तिथं जेवतो आणि शेवटी वाटलं तर आपण पुढच्यासाठी द्यायचं, हे मला फार भिडलं.

पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान. श्वास येतोय, श्वास जातोय, बास. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड, आपण त्याला काही करायचं नाही. ऐकायला इतकं सोपं आणि मी दोन श्वासाच्या पुढे टिकत नव्हते, तिसऱ्याला अस्तराच्या कापडाचा हिशोब सुरू. तिसऱ्या दिवशी लक्ष नाकाखालच्या, वरच्या ओठावरच्या एवढ्याशा जागेवर ठेवायला सांगितलं आणि तिथं मला पहिल्यांदा श्वासाचा थंड स्पर्श कळला, आत जाताना थंड आणि बाहेर येताना किंचित कोमट. अडतीस वर्ष नाकाने श्वास घेतेय आणि हे कधी कळलं नव्हतं! मला तेव्हा रडू आलं, का ते नीट सांगता येणार नाही.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. डोक्यापासून पायापर्यंत एकेक भाग बघत यायचं, तिथं काय जाणवतं ते नुसतं जाणायचं, गरम, जड, खाज, मुंग्या, दुखणं. चांगलं वाटलं तर धरायचं नाही, वाईट वाटलं तर ढकलायचं नाही. आणि मग दिवसातून तीन वेळा एकेक तास अधिष्ठान, म्हणजे हात उघडायचे नाहीत, पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. माझी डावी मांडी आणि कंबर, जिथं मशीनवर बसून बसून आधीच दुखायचं, तिथं जाळ पेटल्यासारखं व्हायचं. पण एकदा सहाव्या दिवशी मी त्या दुखण्याकडे खरंच बघितलं, म्हणजे हे दुखतंय, कधी थांबणार, हे सोडून नुसतं बघितलं, तर ते एकसंध नव्हतंच. मध्ये एक टोचणारा ठिपका, बाजूला धडधड, त्याच्या बाजूला नुसती ऊब, आणि तेही सारखं जागा बदलतंय. अनिच्च अनिच्च, म्हणजे सगळं बदलतं, काही टिकत नाही, हे ऐकून होते, ते तिथं मांडीत दिसलं.

सातव्या दिवशी आणखी एक झालं. सगळं अंग हलकं झालं आणि डोक्यापासून पायापर्यंत झिणझिण्यांची एक धार सलग वाहत गेली, तिथल्या भाषेत धाराप्रवाह. फार सुंदर होतं ते, आणि पुढची दोन वर्ष माझं त्याच्यामुळेच अडलं.

कारण घरी आल्यावर मी ध्यानाला बसायचे ती धार परत मिळावी म्हणून. सांगितलेलं असतं रोज सकाळी एक तास संध्याकाळी एक तास. पहिला आठवडा उत्साहात गेला. मग सकाळचा तास पाऊण झाला, संध्याकाळचा गेलाच, गणपती नवरात्राच्या ऑर्डरी आल्या, आणि बसले तरी अंगभर नुसता जडपणा, धार नाही काही नाही, मग वाटायचं आपल्याला जमत नाही, तिथं जमलं ते त्या जागेमुळे. दिवाळीपर्यंत पूर्ण बंद. पुढच्या वर्षी परत शिबिर केलं, परत येऊन अडीच महिन्यात बंद. आता इतक्या जणींशी बोलून कळलंय की शिबिर दहा दिवस रेटून पार पाडणाऱ्या खूप आहेत आणि गळती लागते ती घरी, साधारण दुसऱ्या तिसऱ्या महिन्यात. तिथं घंटा दुसरं कुणीतरी वाजवतं, स्वयंपाक दुसरं कुणीतरी करतं. घरी घंटा पण आपण आणि कुकर पण आपण.

आमच्या विहारात एक मावशी आहेत, रिटायर्ड नर्स, पंधरा वीस वर्ष रोज बसणाऱ्या. २०१८ च्या वर्षावासात (आषाढ ते अश्विन पौर्णिमा, पावसाळ्याचे तीन महिने), आषाढ पौर्णिमेला ग्रंथवाचन सुरू झालं त्या दिवशी, मी त्यांच्याजवळ रडकुंडीला येऊन सांगितलं की मावशी माझं सुटतंच सारखं. त्यांनी एवढंच विचारलं, किती वेळ बसायला जातेस? म्हटलं तास. त्या म्हणाल्या, "अगं तुझ्या घरात तास आहे का रिकामा? पंधरा मिनिटं बस. पण उद्या त्याच जागी, त्याच वेळेला. परवा पण. अश्विन पौर्णिमेपर्यंत एवढंच कर, वाढवू नको, मनात आलं तरी वाढवू नको."

वाढवू नको हे फार कामाचं निघालं. पंधरा मिनिटात काही होणार नाही असं वाटायचं, पण पंधरा मिनिटाला नाही म्हणायला कारण पण सापडत नाही. आमच्याकडे नळाला पाणी साडेपाचला येतं, ते आलं की घर सुरू. म्हणून मी पाच वाजता बसायला लागले. जागा मशीनच्या बाजूची, खिडकीखाली, जेमतेम अडीच बाय अडीच फूट. आणि आसन मी स्वतः शिवलं. पहिलं कापसाचं केलं ते महिन्याभरात चपटं झालं, दुसरं फोमचं, त्यावर बसलं की डुलायला होतं. मग तिसरं केलं जाड सुती कापडाचं गोल, आणि त्यात माझ्याच कामाचं कातरण भरलं, ब्लाऊजचे, अस्तराचे, पैठणीच्या कडांचे तुकडे अगदी बारीक कापून ठासून. ते दबत नाही आणि कडक पण नाही. बूड साधारण चार बोटं वर आलं की गुडघे आपोआप खाली टेकतात आणि कणा ओढून धरावा लागत नाही, हे मला ते बनवताना कळलं. आजही तेच वापरते, दोनदा उसवून भर घातलीय फक्त.

नोंद ऑर्डरच्या वहीत. मागच्या पानावर तारीख आणि मिनिटं, बाकी काही नाही. चांगलं झालं वाईट झालं असं लिहायचंच नाही हे मावशींनी बजावलेलं, कारण लिहायला लागलं की परत ती धार शोधणं सुरू. त्या वर्षावासात ९० च्या आसपास दिवसातले ७९ दिवस बसले. हे लिहिताना सुद्धा छाती भरून येते.

बसण्याला एक ठरीव रूप दिलं ते पण त्याच काळात. आधी तीन वेळा वाकून नमन, मग त्रिसरण पंचशील हळू आवाजात, मग आनापान, आणि शेवटची दोन मिनिटं मेत्ता, म्हणजे सगळ्यांचं भलं होवो अशी मैत्रीभावना. आधी मी पंचशील सोडून थेट श्वासावर जायचे, वेळ वाचावा म्हणून. पण ज्या दिवशी कुणाशी खोटं बोललेय, गिऱ्हाईकाला उद्या देते म्हणून टोलवलंय, त्या दिवशी मन बसतच नाही, त्याच गोष्टीभोवती फिरतं. पंचशीलातलं मुसावादा वेरमणी, म्हणजे खोटं बोलणार नाही, हे म्हणताना ते एकदा समोर येतं, कबूल होतं, मग पुढचं सोपं जातं. शील पहिलं, मग समाधी, मग प्रज्ञा असा जो क्रम सांगतात तो शोभेचा नाही हे मला माझ्या टोलवाटोलवीतून कळलं.

हळूहळू वीस मिनिटं, अर्धा तास, पुढच्या वर्षी पाऊण तास.

मध्ये झोपेने फार छळलं. पहाटे डोळे मिटले की मान खाली. थीनमिद्ध म्हणतात त्याला, ध्यानाच्या आड येणाऱ्या पाच नीवरणांपैकी, म्हणजे अडथळ्यांपैकी एक, म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी पण लोकांना डुलक्या यायच्याच. मोग्गल्लानांसारख्या थोर शिष्यालाही यायच्या आणि त्यांना बुद्धांनी सांगितलेले उपाय सुत्तात आहेत, किती साधे बघा, पाठ केलेलं म्हणून बघ, कानाच्या पाळ्या ओढ, अंग चोळ, उठून डोळ्यांना पाणी लाव, आकाशात तारे बघ, मनात उजेड आण, चालायला लाग, आणि तरीही नाही गेली तर उजव्या कुशीवर सरळ झोप, उठायचं मनात धरून. मी कान ओढायचे, मग गच्चीवर जाऊन पाच मिनिटं चालायचे. थंडीत पहाटे गच्चीवरून तारे छान दिसतात. त्यात आपण चुकतोय असं काही नाही, तो सांगितलेला उपायच आहे, हे कळल्यावर झोपेचा राग येणं बंद झालं आणि झोप पण कमी झाली.

आता चूक सांगते. २०१९ ला मला वाटलं आता पूर्ण तास, तो पण न हलता. अर्ध पद्मासन घालून बसले, पाय पार बधिर झालेला कळत होतं तरी हलले नाही, आणि तास संपल्या संपल्या नळाचा आवाज आला म्हणून झटकन उठले. पाय जागेवर नव्हताच. घोटा मुरगळला, लिगामेंटला दुखापत, तीन आठवडे मशीनला पाय लावायचा नाही. ते पण दिवाळीच्या तोंडावर. सतरा ब्लाऊज दुसरीकडे द्यावे लागले. मोटर तेव्हा नव्हती माझ्या मशीनला. जिद्द आणि हट्ट यातला फरक त्या तीन आठवड्यात चांगला समजला. मुंग्या येणं वेगळं आणि बधिर होणं वेगळं, सांध्यात आत कळ येणं तर अजून वेगळं, ती आली की हळूच पाय सोडायचा, आणि उठताना घाई कधीच नाही, आधी बोटं हलवायची, मग घोटे, मग हाताचा आधार. नवीन बसणाऱ्या प्रत्येकीला मी हे आधी सांगते.

घोटा बरा होईपर्यंत खुर्चीवर बसावं लागलं आणि मला ते मनाला लागलं, वाटायचं हे काय ध्यान. मावशी म्हणाल्या, वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्यात गेलीस ना, तिथले भगवान कसे बसलेत? पाय खाली सोडून! खरंच की, स्तूपाच्या पुढ्यात एवढी मोठी मूर्ती, आसनावर बसून दोन्ही पाय खाली सोडलेले. मी ती दोनदा बघितली होती आणि लक्षात नव्हतं आलं. त्यानंतर खुर्चीचं काही वाटलं नाही, आजही कंबर धरली की खुर्ची घेते.

त्याच सुमारास विहारात एका भंतेजींनी बुद्धांच्या काळातल्या सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट सांगितली. राजगृहाजवळ सीतवनात तो इतकं चालून चालून ध्यान करायचा की पायातून रक्त आलं, तरी काही साधेना, मग घरी परत जावं असं मनात आलं. बुद्धांनी त्याला विचारलं, तू पूर्वी वीणा वाजवायचास ना, तारा फार ताणलेल्या असल्या की नीट वाजायची का? नाही. फार ढिल्या असल्या की? नाही. मी ऐकताना वीणा नाही, माझं मशीन बघत होते. वरच्या दोऱ्याचं टेन्शन जास्त झालं की दोरा तुटतो नाहीतर कापड चुणतं, कमी झालं की खालून दोऱ्याची जाळी. आणि ते एकदा लावलं की कायमचं लागलं असं होत नाही, जॉर्जेट आलं की वेगळं, खण आला की वेगळं, दर वेळेला आधी चिंधीवर एक टाका मारून बघावा लागतो. बसण्याचं तसंच करते मी आता. बसल्यावर पहिली दोन मिनिटं आज कापड कुठलंय ते बघते. अंग थकलेलं असेल तर थोडं ताठ, डोळे किंचित उघडे. मन उधळलेलं असेल तर ढिलं सोडते, श्वास मोजायला घेते, एक ते दहा.

आमच्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर (पांडवलेणी म्हणतात लोक) लहानपणापासून जातोय, पण तिथल्या खोल्या कशासाठी होत्या याचा विचार मी बसायला लागल्यावर केला. लहान लहान खोल्या, पावसाळ्यात भिक्खूंनी राहायचं, बसायचं. दहा नंबरच्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, एका अभ्यासू भाऊंनी वाचून समजावला. त्याने इथल्याच गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघटनेकडे, २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमचे ठेवले, महिना शेकडा एक व्याजाने, आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी. मी तिथंच हिशोब केला, वर्षाचं व्याज २४०, वीस गुणिले बारा २४०, बरोब्बर. तिथं उभी राहून अंगावर काटा आला माझ्या. कुणीतरी या डोंगरात शांत बसावं म्हणून खाली गोवर्धनमध्ये माग चालत होते, आणि ते कपड्याचं काम करणारे लोक होते, माझ्यासारखे.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र आईच्या वंदनेत सापडली. धम्मवंदनेत आपण म्हणतो, स्वाक्खातो भगवता धम्मो सन्दिट्ठिको अकालिको एहिपस्सिको ओपनेय्यिको पच्चत्तं वेदितब्बो विञ्ञूहि. लॉकडाऊनमध्ये २०२० ला काम बंद होतं तेव्हा एक दिवस मी पाली शब्दांचे अर्थ घेऊन बसले. एहिपस्सिको, ये आणि बघ. पच्चत्तं वेदितब्बो, ज्याचं त्याने स्वतः जाणायचं. म्हणजे पाच सहा वर्षांची असल्यापासून मी रोज संध्याकाळी म्हणत होते की हे बसून स्वतः बघायचं आहे. मी आईला फोन करून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, आम्हाला अर्थ सांगायला कुणी नव्हतं गं, पण पाठ तरी करून ठेवलं.

फायदा काय झाला असं लोक विचारतात. झोप सुधारली हे खरं. राग गेला असं नाही. मागच्या लग्नसराईत एक बाई ब्लाऊज घेऊन आल्या, मुंढ्यात ओढतंय म्हणून दहा जणींसमोर वाट्टेल ते बोलल्या. मला जबड्याखाली काहीतरी आवळलेलं कळलं, कान गरम झालेले कळले, शब्द तोंडात आलेले पण कळले, आणि ते सगळं आणि माझं बोलणं यात एवढीशी फट होती, एखाद्या श्वासाची. तेवढ्यात टेप उचलली आणि म्हटलं, ताई हात वर करा, माप घेते परत. पाव इंच सोडायचं राहिलं होतं, माझीच चूक होती. ती फट मला आधी कधी मिळाली नव्हती.

ती सातव्या दिवसाची धार परत आली का? मधूनमधून येते, जाते. आता ती आली की मांडीतल्या दुखण्याकडे बघते तशीच तिच्याकडे बघते.

सध्या सकाळी पाऊण तास, सव्वाचार ते पाच, संध्याकाळी वंदनेनंतर वीस मिनिटं. लग्नसराईत संध्याकाळचं सुटतं, सकाळचं सुटू देत नाही. गेल्या वर्षावासापासून रविवारी विहारात वंदना झाल्यावर वीस मिनिटं बसायचं ठरवलंय. सुरुवातीला आम्ही चौघी होतो, आता बारा पंधरा जण असतात, दोन कॉलेजची मुलं पण येतात. मावशींचे गुडघे आता टेकत नाहीत, त्या खुर्चीवर बसतात आणि वाटी चमच्याने घंटा वाजवतात. आई उन्हाळ्यात माझ्याकडे आली होती. पहिल्या रविवारी ती वंदना झाल्यावर सवयीने जय भीम म्हणून उठली, बाकीचे बसलेले बघून परत खाली बसली, पदर सारखा केला आणि डोळे मिटले. तिच्यासाठी आता दुसरं आसन शिवायला घेतलंय, जरा उंच, कातरण साठवतेय.